हुकूम आणि पुरावा : मॉडेल रेल्वेतील सांध्यांचे नियंत्रण

(उतई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून विषय निवडताना ठरवले, की टेबलावर मांडून, हाताने चालवून शिकता येईल असेच काही बोलावे. आजचा विषय मॉडेल रेल्वेचा आहे, आणि त्यातही एकाच भागाचा : गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा. तो हलवायचा कसा, हलला हे ओळखायचे कसे, आणि त्याबद्दल बोलताना शब्द कोणते वापरायचे, एवढेच आज बोलणार आहे.

उतईकरांना रुळांची ओळख करून द्यायला नको. इथून जवळच भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून रूळ तयार होतात. नव्या मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचे पॅनल रेल्वेकडे रवाना होते. दल्ली राजहराचे लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्या मरोद्यावरून कारखान्याकडे जातात. आपल्यापैकी कितीतरी घरांत कुणी कारखान्यात, कुणी रेल्वेत काम केलेले आहे. नागपूरहून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांना आणणारी वाटही रुळांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन बंगाल नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन रुंद केली आणि पुढे वाढवली, ती दुर्गवरूनच जाते. म्हणजे रूळ आपल्या घरचा. पण रूळ जिथे फुटतो, दोन वाटा होतात, त्या जागेकडे आपण फारसे निरखून पाहत नाही. माझी सगळी नोकरी सिग्नल विभागात, त्याच जागेच्या देखभालीत गेली.

आधी नावे घेऊ, कारण या छंदात पहिला गोंधळ नावांचाच होतो. मराठीत आपण सांधा म्हणतो आणि तो बदलणारा तो सांधेवाला. इथे छत्तीसगडात लोक कांटा आणि कांटेवाला म्हणतात. रेल्वेत नोकरी करणारा माणूस पॉइंट म्हणतो. ब्रिटिश छंदिष्टही पॉइंटच म्हणतात. अमेरिकी रेल्वेवाला त्यालाच स्विच म्हणतो, पण अमेरिकी छंदिष्टाला टेबलाखाली विजेचे डझनभर स्विच बसवायचे असतात. मग ‘तीन नंबरचा स्विच बिघडला’ म्हणजे रूळ की बटण, हे कळेना. त्यामुळे त्यांच्यात रुळाच्या पूर्ण भागाला टर्नआउट म्हणण्याची पद्धत रुळली. आपल्या मुलांनी परदेशी पुस्तिका उघडली की हे तिन्ही शब्द एकाच पानावर भेटतात, म्हणून एवढे सांगितले.

आता प्रत्यक्ष रचना. बाहेरचे दोन स्थिर रूळ म्हणजे स्टॉक रेल. आतले दोन निमुळते, हलणारे रूळ म्हणजे टंग रेल, जिभेसारखे टोकदार. दोन्ही जिभा एका आडव्या पट्टीने जोडलेल्या असतात, तिला रेल्वेत स्ट्रेचर बार म्हणतात, मॉडेलच्या पुस्तिकेत थ्रो बार किंवा टाय बार. पुढे जिथे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग, अमेरिकी भाषेत फ्रॉग. चाकाने तिथे चुकीच्या फटीत शिरू नये म्हणून समोरच्या रुळाला लागून जो छोटा रूळ असतो तो चेक रेल. निमुळत्या जिभांची ही रचना इंग्लंडमध्ये चार्ल्स फॉक्स यांनी १८३८ मध्ये पेटंट केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

दिशेचेही शब्द आहेत. गाडी जिभांच्या टोकाकडून येत असेल, म्हणजे तिच्यासमोर दोन वाटा फुटत असतील, तर तो फेसिंग पॉइंट. गाडी क्रॉसिंगकडून येऊन दोन वाटांची एक होत असेल तर ट्रेलिंग. आणि पॉइंटच्या दोन स्थितींना ‘सरळ’ आणि ‘वाकडा’ न म्हणता नॉर्मल आणि रिव्हर्स म्हणतात. कारण काही ठिकाणी नेहमीची, सुरक्षित वाट वळणाची असते. नॉर्मल म्हणजे काम नसताना पॉइंट ज्या स्थितीत ठेवायचा ती. घरच्या लेआउटवरही, म्हणजे टेबलावरच्या रुळांच्या मांडणीतही, प्रत्येक पॉइंटची नॉर्मल स्थिती आधी ठरवून कागदावर लिहून ठेवावी. वायरिंगच्या निम्म्या चुका एवढ्याने टळतात.

क्रॉसिंगचा कोन आकड्याने सांगतात. आपल्या रेल्वेत १ मध्ये ८.५, १ मध्ये १२, १ मध्ये १६ असे प्रकार चालतात : १ मध्ये १२ म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर वाट एक मीटर बाजूला सरकते. १ मध्ये १२ चा पूर्ण टर्नआउट जवळजवळ ४० मीटर लांब असतो. एचओ या सर्वाधिक प्रचलित मापात, म्हणजे १:८७ ने लहान केला, तर तो सुमारे ४६ सेंटिमीटर होईल. बाजारात चार नंबरचा म्हणून मिळणारा, म्हणजे १ मध्ये ४ चा पॉइंट जेमतेम वीतभर असतो. घरातली जागा पाहता ही तडजोड करावीच लागते. पण आपण केवढी तडजोड करतो आहोत हे माहीत असावे, मग लांब डब्यांची गाडी चार नंबरवर का अडखळते हे विचारायला नको. आणखी एक तडजोड खास आपली आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. भागाकार केला की मापाचे गुणोत्तर १:१०१ च्या पुढे जाते. १:८७ चे भारतीय इंजिन त्या रुळावर ठेवले तर इंजिन योग्य, रूळ मात्र अरुंद. भारतीय गाड्यांचे मॉडेल करणारे बहुतेक लोक हे स्वीकारून चालतात, आणि मला ते योग्य वाटते.

मराठी माणसाला ही सगळी दुनिया एका छताखाली पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला जावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी जी. ए. कुलकर्णी पथावर सुरू झाले. तिथे एक अख्खे शहर आहे : वाफेचे इंजिन, बुलेट ट्रेन, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, दिवे मालवून केलेली रात्र. पाहुणे गाड्या पाहतात. मी म्हणेन, एकदा गाड्यांकडे पाहू नका. गाडी पॉइंटवर यायच्या आधी जिभा केव्हा सरकतात आणि सिग्नल त्याच्या आधी पडतो की नंतर, एवढेच पाहा. एका कुटुंबाने एवढ्या वर्षांत जे कौशल्य कमावले ते त्या क्षणभराच्या क्रमात दिसते. महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक घर मिळवून देणाऱ्या भाऊसाहेब जोशी यांचे ऋण मोठे आहे.

आता नियंत्रणाकडे येतो. मोठ्या रेल्वेत पॉइंट चालवणे म्हणजे तीन वेगळी कामे असतात. जीभ सरकवणे हे पहिले. सरकलेली जीभ गाडीच्या धक्क्याने परत हलू नये म्हणून तिला कुलूप लावणे हे दुसरे. आणि ती खरोखर स्टॉक रेलला चिकटली आहे, कुलूप पडले आहे, याची खात्री करून घेणे हे तिसरे, ज्याला आम्ही डिटेक्शन म्हणतो. रात्री आपण दार लोटतो, कडी घालतो, आणि मग एकदा ओढून पाहतो, तसेच हे. मॉडेल रेल्वेतील बहुतेक लोक पहिल्या कामावर सगळी बुद्धी आणि पैसा खर्च करतात, दुसरे काम स्प्रिंगवर सोपवतात आणि तिसरे विसरतात. माझे आजचे मुख्य म्हणणे या तिसऱ्या कामाबद्दल आहे. पण त्याआधी पहिले काम नीट समजून घेऊ.

सर्वांत साधा उपाय बोटाने सरकवणे. काही कंपन्यांच्या पॉइंटमध्येच छोटी स्प्रिंग असते, ती मधल्या बिंदूच्या पुढे गेली की जीभ टक्कन दुसऱ्या बाजूला बसते आणि तिथे धरूनही ठेवते. छोट्या यार्डात, जिथे हात पोहोचतो, तिथे हा उपाय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. हात जातो तिथे नजरही जाते. बोर्डाच्या कडेला लिव्हर लावून नळीतून जाणाऱ्या तारेने पॉइंट ओढला तरी चालतो. जुन्या केबिनमधून लोखंडी रॉडिंगने पॉइंट ओढत त्याचेच हे छोटे रूप. तशा केबिनमध्ये लिव्हरना रंग असत : सिग्नलला लाल, पॉइंटला काळा, कुलपाला निळा, रिकाम्याला पांढरा. घरच्या पॅनलवर हेच रंग द्यावेत.

विजेवर यायचे तर पहिले नाव सोलेनॉइडचे. दोन कॉइल, मध्ये लोखंडी सळई. एका कॉइलला वीज दिली की सळई इकडे, दुसरीला दिली की तिकडे. काम क्षणात होते, मोठा ‘खट्’ असा आवाज येतो. पण ती कॉइल काही अँपिअर खेचते आणि फक्त क्षणभरच खेचण्यासाठी बनलेली असते. म्हणून तिला चालू-बंद करून तसाच राहणारा बटणाचा खटका कधीही लावू नये. दाबले तोवरच चालणारे पुश बटण लावावे. बटण अडकून राहिले तर कॉइल जळते, आणि लहान मुलांच्या हातात ते अडकतेच. यावर उपाय कपॅसिटर डिस्चार्ज युनिटचा : हजारो मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सावकाश भरून ठेवायचा, बटण दाबताच तो एका दमात कॉइलमध्ये रिकामा होतो. झटका जोरकस मिळतो आणि नंतर बटण दाबून धरले तरी कॉइलला इजा होण्याइतकी वीज जात नाही. मुलांसाठी लेआउट करणाऱ्याने हे युनिट आधी बसवावे, इंजिने नंतर घ्यावीत.

दुसरा मार्ग सावकाश चालणाऱ्या मोटरचा. १२ व्होल्टची छोटी मोटर, मध्ये दात्यांची मालिका, आणि जीभ हळूहळू सरकते. टोकाला पोहोचली की मोटर थांबते, पण वीज चालूच राहते आणि मोटर जिभेला दाबून धरते. अमेरिकेतील प्रसिद्ध ‘टॉर्टॉइज’ मोटर अशा थांबलेल्या अवस्थेत जेमतेम १६ मिलिअँपिअरच्या आसपास वीज घेते. इथे मात्र स्थिर राहणाराच खटका लागतो, विजेची दिशा उलटवणारा, सहा टर्मिनलचा. म्हणजे सोलेनॉइडला जे बटण योग्य ते या मोटरला चालत नाही, आणि हिचे बटण सोलेनॉइडला जाळते. दुकानदाराला नुसते ‘पॉइंटची मोटर द्या’ म्हणू नका, कोणत्या जातीची ते सांगा.

तिसरा मार्ग आज तरुणांचा आहे : सर्वो. रोबोटच्या खेळण्यात असते ती निळी मोटर, स्वस्त आणि सहज मिळणारी. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंद लांबीचा विजेचा ठोका द्यायचा. ठोक्याची लांबी बदलली की हात फिरतो. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलरच्या एका पाटीवर कितीतरी पॉइंट चालतात, आणि जीभ किती सरकावी हे स्क्रू न फिरवता आकडा बदलून ठरवता येते. दोष एकच, वीज चालू करताच सर्वो कधी कधी दचकते आणि उभ्या गाडीखालची जीभ हलते. म्हणून आधी ठोका सुरू करावा आणि मग मोटरला वीज द्यावी. भिलाईच्या आयटीआयमधल्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना हे एका दुपारी जमेल.

क्रॉसिंगपाशी एक विजेची अडचण येते, ती मोठ्या रेल्वेत नाही. मॉडेलमध्ये दोन रुळांतून दोन ध्रुवांची वीज इंजिनाला मिळते, आणि क्रॉसिंगवर तर डावा-उजवा रूळ एकमेकांना छेदतात. काही पॉइंटमध्ये क्रॉसिंग प्लास्टिकचे, म्हणजे निर्जीव असते. जोडणी सोपी, पण दोन आसांचे छोटे शंटिंग इंजिन त्यावर हमखास थांबते. दुसऱ्या जातीत क्रॉसिंग धातूचे आणि जिवंत असते. इंजिन न अडखळता जाते, पण पॉइंट बदलला की क्रॉसिंगचा ध्रुवही बदलावा लागतो. त्यासाठी मोटरवर जादा संपर्क असतात. अशा जिवंत क्रॉसिंगवर गाडी ट्रेलिंग दिशेने, पॉइंट न लावलेल्या वाटेवरून आली तर शॉर्टसर्किट होऊन सगळा लेआउट बंद पडतो. प्रत्यक्ष रेल्वेत अशाच वेळी चाके बंद जीभ रेटून उघडतात, पॉइंट बर्स्ट होतो, आणि तो तपासून दुरुस्त केल्याशिवाय त्यावरून वाहतूक होत नाही. मी तरी जिवंत क्रॉसिंगच निवडीन. त्यात चूक लपत नाही.

आता तिसरे काम. पॅनलवर हिरवा दिवा लागला. तो काय सांगतो? बहुतेक घरच्या पॅनलवर दिव्याची तार बटणाला जोडलेली असते. म्हणजे आपण काय हुकूम दिला एवढेच दिवा सांगतो. जिभेत खडीचा दाणा अडकला, तार सुटली, मोटर अर्ध्यावर थांबली, तरी दिवा हिरवाच. पुढचे इंजिन घसरले की मग आपण खाली वाकून पाहतो.

मोठ्या रेल्वेत हुकूम आणि पुरावा यांच्या तारा वेगळ्या असतात. ११० व्होल्टची पॉइंट मशीन जीभ सरकवते, कुलूप लावते, आणि मग त्याच मशीनमधले डिटेक्शनचे संपर्क बंद होतात. ते बंद झाले तरच पॅनलवर पॉइंट ‘सेट’ दिसतो आणि तरच सिग्नल देता येतो. त्याची परीक्षा ठरलेली आहे : जीभ आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची पट्टी ठेवायची आणि पॉइंट चालवायचा. कुलूप लागता कामा नये, पुरावा मिळता कामा नये. मिळाला तर तो पॉइंट धोक्याचा. एचओच्या मापात ही पट्टी ०.०६ मिलिमीटरहूनही पातळ होते, म्हणजे साध्या वहीच्या कागदाहून पातळ. घरी एवढी बारीक परीक्षा जमणार नाही. पोस्टकार्डाचा तुकडा घ्या आणि तीच परीक्षा करा.

त्यासाठी लागतो तो एक मायक्रोस्विच, जिभांना जोडणाऱ्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला. पहिले टोक मोटर ढकलते, दुसरे टोक मायक्रोस्विच दाबते. पॅनलवरचा दिवा या मायक्रोस्विचवर चालवा. मोटरच्या पोटातील संपर्कावर चालवलात तर मोटर फिरली एवढेच कळेल, मधली तार वाकली असेल ते कळणार नाही. दोन्ही स्थितींसाठी दोन मायक्रोस्विच हवेत, कारण ‘नॉर्मल नाही’ याचा अर्थ ‘रिव्हर्स आहे’ असा होत नाही. तिसरी अवस्था असते, जीभ मध्ये लटकलेली. त्या अवस्थेत दोन्ही दिवे विझलेले दिसले पाहिजेत.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि पॉइंट मात्र लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या मार्गाकडे, लागलेला होता. लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. सुमारे तीनशे माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघाले ते सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या बदलातील चुकीच्या वायरिंगचे. पुरावा सांगणारी तारच चुकीच्या जागी जोडली गेली होती, म्हणून यंत्रणेला पॉइंट नॉर्मल दिसत राहिला. सिग्नल विभागात काम केलेल्या प्रत्येकाला त्या रात्री झोप लागली नसेल. जे मूल घरच्या लेआउटवर हुकुमाची आणि पुराव्याची तार वेगळी ओढायला शिकेल, जोडणी बदलल्यावर प्रत्येक पॉइंट पुन्हा दोन्हीकडे चालवून दिव्याशी ताडून पाहायला शिकेल, ते मूल उद्या कुठल्याही कारखान्यात किंवा रेल्वेत ती सवय घेऊन जाईल.

पुरावा हाती आला की इंटरलॉकिंग करता येते, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल यांना एकमेकांत गुंतवणे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये याचे पेटंट घेतले तेव्हा ते सगळे लोखंडी पट्ट्यांचे काम होते. घरी दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे खटके, पुरतात. पॉइंटचा पुरावा रिलेतून सिग्नलच्या दिव्याकडे न्या : पॉइंट बसला नाही तर सिग्नल लाल. आणि सिग्नल हिरवा असताना पॉइंटच्या मोटरची वीज तोडा. यार्डात अनेक पॉइंट ओळीने असतील तर डायोडच्या जाळीने एकाच बटणावर पूर्ण मार्ग लावता येतो, कोणती लाइन हवी ते बटण दाबायचे आणि वाटेतले सगळे पॉइंट आपापल्या स्थितीत जातात.

रिलेचे हे काम मुलांना किती पुढे नेऊ शकते ते पाहा. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९४६-४७ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. त्यात एक गट टेबलावरची घरे-डोंगर करणारा आणि दुसरा टेबलाखालच्या सिग्नल व विजेचा. या दुसऱ्या गटाने टेलिफोन यंत्रणेतील रिले मिळवून पॉइंटचे एवढे गुंतागुंतीचे नियंत्रण उभे केले, की संगणक विद्यापीठात आला तेव्हा त्यावर सर्वांत आधी झडप घालणारी मुले तीच होती. ‘हॅक’ आणि ‘हॅकर’ हे शब्द आजच्या तांत्रिक अर्थाने त्याच क्लबात रूढ झाले. मॉडेल रेल्वेला पोरखेळ समजणाऱ्या पालकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी.

आज डिजिटल नियंत्रण आले आहे. रुळातूनच वीज आणि संदेश दोन्ही जातात, प्रत्येक पॉइंटच्या डिकोडरला क्रमांक असतो, मोबाइलवरून तो चालतो. अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेने ही पद्धत प्रमाणित केली. सोय मोठी आहे. पण मूळ डिजिटल संदेश हाही हुकूमच असतो. पॉइंट सरकला की नाही हे परत सांगणारी यंत्रणा बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागते किंवा स्वतः करावी लागते. पैसे मर्यादित असतील तर माझा सल्ला सरळ आहे : हुकूम हाताने द्या, पुरावा विजेने घ्या.

उतईतल्या शाळांना आणि भिलाईच्या मराठी मंडळींना माझी एक विनंती आहे. अख्खा लेआउट करायला जाऊ नका, त्यात पैसे आणि उत्साह दोन्ही संपतात. चार फुटांची एक फळी घ्या. त्यावर एकच पॉइंट बसवा, एक सर्वो, दोन मायक्रोस्विच, दोन दिवे आणि एक सिग्नल. मरोद्याच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मवरून दिसतात त्या पॉइंटचे नकाशे मुलांना काढायला लावा, मात्र रुळांत उतरू देऊ नका. स्टॉक रेल, टंग रेल, स्ट्रेचर बार, क्रॉसिंग, नॉर्मल, रिव्हर्स ही नावे मुलांच्या तोंडी बसू द्या. निवृत्त सिग्नलवाले आणि रूळ कारखान्यातले जाणते लोक याच गावांत राहतात, त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. फळी तयार झाली की पोस्टकार्डाची परीक्षा सगळ्यांसमोर घ्या. पहिल्या फळीच्या साहित्याचा खर्च मी देईन. ज्या शाळेला हवी असेल त्यांनी आज कार्यक्रमानंतर आयोजकांकडे नाव नोंदवावे.